शेवटच्या डब्यातली झोप

कंपनीच्या बसमध्ये बसलो, पट्टा लावला, खट्ट असा आवाज झाला की मी झोपतो. मुद्दाम नाही, आपोआप. सौदीत जुबैलला नोकरीला लागल्यापासून हे असंच चालू आहे. पहाटे बस कॉलनीच्या फाटकाशी येते, कारखान्याच्या गेटवर ड्रायव्हर 'यल्ला, यल्ला' करत सगळ्यांना उठवतो, आणि मधला रस्ता कसा आहे असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. गाडी मी चालवत असलो तर डुलकी लागत नाही. उभा असलो तरी नाही. पण चालवणारा दुसरा आणि मी बांधलेला, मग माझा काही इलाज चालत नाही. विमान जमिनीवरून उठताना कसं वाटतं, हे मी बायकोकडून ऐकलेलं आहे.

शिफ्टच्या नोकरीत माणूस एकदाच थकतो आणि मग तसाच राहतो. रजेत गावी, रत्नागिरीला गेलो की लोक भेटायला येतात आणि माझं तोंड न बघताच चहा पिऊन परत जातात. मुलगी लहान असताना तिने घराचं चित्र काढलं होतं. त्यात अम्मी उभी, ती स्वतः उभी आणि मी आडवा. शाळेतल्या बाईंनी बायकोला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, वडील आजारी असतात का?

या मुलीला लाकडी रोलर कोस्टरचं वेड कुठून लागलं, देव जाणे. इथल्या उन्हाळ्यात मुलं एसीत वाढतात, हातात मोबाइल. त्यावर ती जगभरचे कोस्टर बघत बसायची, आणि तेही फक्त लाकडी. लोखंडी कोस्टर तिच्या हिशेबी कामातून गेलेले. "दे आर ओन्ली फास्ट, अब्बा. त्यांना मूड नसतो." लाकडी कोस्टर सकाळी आळसावलेला असतो, दिवसभर धावून चाकांचं ग्रीस तापलं की संध्याकाळी सुसाट सुटतो, हे मला तिनेच शिकवलं. बसायचं तर शेवटच्या डब्यात, कारण पुढचे डबे उतरणीला लागले की शेवटचा डबा माथ्यावरून हिसका देऊन ओढला जातो आणि माणूस सीटवरून उचलला जातो. अमेरिकेतल्या जंगलातून धावणारा एक कोस्टर तिचा पहिल्या नंबरचा, समुद्रकाठचा एक म्हातारा कोस्टर दुसऱ्या नंबरचा. आणि दोन्ही हात वर हवेत. दांडा धरून बसणाऱ्यांनी घरीच बसावं, असं तिचं स्पष्ट मत. मी हे सगळं जेवताना ऐकायचो आणि अर्ध्यात झोपायचो.

इथे मुलं बारावीपर्यंतच आपली. पुढे कॉलेजला त्यांना परत पाठवायचं, हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं, त्यावर कोणी चर्चाही करत नाही. आमचंही ठरलं. पुण्याला प्रवेश झाला, तिकीट निघालं. त्याच सुमारास रियाधबाहेर नवं पार्क उघडलं आणि त्यात एक लाकडी कोस्टर आहे अशी बातमी आली. मुलीने जाण्याआधी एकच गोष्ट मागितली. सोनं नाही, लॅपटॉप नाही. "तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. शेवटच्या डब्यात. आणि अब्बा, प्लीज, यू हॅव टू बी अवेक."

मी हो म्हणालो. तेव्हा कारखान्यात शटडाऊन चालू होतं, म्हणजे सगळी यंत्रं थांबवून दुरुस्ती, आणि माणसांना मात्र तेव्हाच थांबायची सोय नाही. कशीबशी एक दिवसाची सुट्टी मिळाली. ड्युटीवरून आलो, अंघोळ केली आणि गाडी काढली. जुबैल ते रियाध सगळा रस्ता मीच चालवला. बायको म्हणाली, "अवो, मी घेते ना थोडा वेळ." मी म्हटलं नको. तिच्या हातात स्टिअरिंग आणि माझ्या अंगावर पट्टा, म्हणजे मी रियाधला झोपलेलाच पोचलो असतो. आणि एकदा झोपलो की मला उठवणं सोपं नाही.

कोस्टर लांबून दिसला तेव्हा मला आधी परांचीच वाटली. आमच्या शटडाऊनमध्ये टाक्यांभोवती उभी करतात तशी, फक्त ही डोंगराएवढी. मुलगी टाचा उंचावून बघत होती आणि मी सवयीने खांबांच्या पायथ्याशी हिरवी चिठ्ठी शोधत होतो. आमच्याकडे तपासणी झाल्याची ती चिठ्ठी लटकत नसेल तर कुणी परांचीवर पाय ठेवत नाही. गेटवरच्या पोराला विचारणारच होतो, तेवढ्यात मुलीने माझी बाही ओढली. "अब्बा, डोन्ट यू डेअर."

रांग मोठी होती. मी आडव्या नळीला टेकून उभा होतो आणि दर थोड्या वेळाने ती माझ्याकडे वळून बघत होती. वर डबे सुटले की सगळा सांगाडा थरथरायचा, करकरायचा, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की माझी कंबर दुखायची थांबायची. मला तेव्हा खरंच वाटलं, आज जमेल. एवढी वर्षं हिच्या वाट्याला झोपलेला आलो, आज जागा येईन.

बायकोने बसायला साफ नकार दिला. चपला, पर्स, फोन, सगळं तिच्याकडे देऊन आम्ही शेवटच्या डब्यात बसलो. संध्याकाळ झाली होती, म्हणजे तिच्या शास्त्राप्रमाणे वेळही उत्तम. खांद्यावरून येणारं कडं वगैरे नव्हतं, मांडीवर फक्त दांडा. पोराने येऊन तो खाली दाबला.

खट्ट.

मला तेव्हाच धोका कळला. मी डोळे ताणले, जीभ चावली. मुलगी म्हणाली, "जागे?" मी म्हणालो, "जागा." साखळी खालून टक, टक, टक करत डबे चढावर ओढू लागली. वर वारा सुटला होता. अख्खा चढ एका लयीत, कंपनीच्या बसपेक्षाही बरा. ती म्हणाली, "अब्बा, बघा, बघा." मी बघतो म्हणालो असेन.

पुढचं आठवतं ते एकदम पोट जागेवर नसणं. खाली काही नाही, कानात गोंगाट, आजूबाजूला लोक ओरडतायत. मला वाटलं, कारखान्यात भोंगा झालाय. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "मस्टर पॉइंट! मस्टर पॉइंट!" भोंगा झाला की आम्ही सगळे जिथे जमतो ती जागा. उरलेला सगळा कोस्टर मी जागा होतो, पण कशाने आणि कुठे फेकला जातोय हे समजेपर्यंत डबे थांबलेसुद्धा.

उतरताना तिने माझा हात धरला. मला फार वाईट वाटलं. एक गोष्ट मागितली होती पोरीने.

बाहेर पडायच्या वाटेवर पडद्यावर फोटो दाखवतात, माथ्यावरून डबे सुटतात त्याच क्षणाचे. बायकोने आमचा शोधला आणि हसत सुटली. "बघा तरी कसं ओरडतायत तुमी!" फोटोत सगळ्यांची तोंडं उघडी, माझंही उघडं, डोळे मिटलेले. कुणालाही वाटावं भीतीने मिटलेत. खरं काय ते आम्हा बापलेकीलाच ठाऊक. मग मी मुलीकडे बघितलं, फोटोतल्या. पुढच्या सगळ्या डब्यांत हातच हात वर होते. तिचे खाली होते. एक माझ्या छातीवर आडवा, आणि दुसऱ्याने तिने माझं डोकं आपल्या खांद्याशी घट्ट दाबून धरलं होतं. समोर ती बघतही नव्हती.

"हात वर का नाही केलेस?" मी विचारलं. "एवढी वर्षं वाट बघितलीस."

एरवी मला इंग्रजीत उत्तर देणारी ती मराठीत म्हणाली, "मान लचकली असती ना तुमची."

"मग उठवायचं होतंस."

"इतके छान झोपला होतात," ती म्हणाली, आणि बायकोकडून फोन घेऊन तिने पडद्याचा फोटो काढला.

पुन्हा बसू या, असं मी म्हणालो. पण रांग दुप्पट झाली होती, सकाळी ड्युटी होती, आणि तिनेच मला गाडीकडे वळवलं. पुढच्या आठवड्यात दम्मामच्या विमानतळावर तिला सोडलं. बायको रडली, मी पण रडलो, लपवण्यात काही अर्थ नव्हता. ती आत गेली. कंपनीने दिलेली सुट्टी तेवढीच होती, दुसऱ्या पहाटे मी फाटकाशी उभा होतो.

बस तीच आहे, ड्रायव्हर तोच. मी बसतो, पट्टा लावतो, खट्ट होतं, आणि डोळे मिटतात, सवय आहे. पण थोड्याच वेळात जाग येते. मान कडेला झुकते आणि डोकं काचेवर आपटतं. इतकी वर्षं ते असंच आपटत असणार, मला कधी कळलं नाही. आता दर वेळी कळतं.