भावाच्या नावात पडलेलं भोक

मी खोटं बोललो ते एका पितळी गुंडाबद्दल, पाणी भरायच्या. आणि बोललो ते अशा बाईशी, जी दुकानात पाय ठेवल्यापासून मला बापू म्हणत होती.

गोंदियात माझं नावं कोरायचं दुकान आहे. ट्रॉफ्या, दारावरच्या पाट्या, लग्नातली भांडी. बरीच वर्षं मशीनला हिऱ्याची सुई होती. ती नुसते ओरखडे काढायची. मग मी फिरतं कटर घेतलं. ते धातू खणतं, अक्षर खोल येतं. मला त्याचा भलताच गर्व झाला होता. बसवायला आलेल्या नागपूरच्या मिस्त्रीनं एक गोष्ट तीनदा बजावली होती: भांडं गोल असलं की कटर त्यावर टेकेस्तोवर खाली आणायचं, मधून कागदाची पट्टी सरकवायची, पट्टी अडली की तिथून खोली धरायची. जुनं भांडं असेल तर ते फिरवून चार ठिकाणी हेच करायचं, कारण जुनं भांडं कुठं ना कुठं पोचलेलं, आत दबलेलं असतंच. मी हो हो केलं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हा माझा जुना रोग.

ती मावशी सौंदडहून गाडीनं आली होती. गुंड जुन्या लुगड्यात बांधलेला. तिच्या लग्नात भावानं दिलेला. त्यावर भावाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं होतं, पण आता ते बोटाला लागायचं, डोळ्याला दिसत नव्हतं. भाऊ वारला होता. त्याच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि मावशीला तोच गुंड त्या पोरीला आंदणात द्यायचा होता.

"त्याची वस्तू त्याच्या नातीकडे जाऊ दे, बापू," ती म्हणाली. "नाव तेवढं गहिरं करून दे. पोरीले वाचता आलं पाह्यजे."

त्याच वेळी एका क्रिकेटवाल्याचा फोनवर फोन येत होता. "भैया, ट्रॉफी शाम तक चाहिए, भूलना मत." मी वैतागलो होतो. कागदाची पट्टी एकाच ठिकाणी सरकवली आणि मशीन सुरू केली. ती जागा नेमकी पोचलेली होती. दोन अक्षरं सुरेख आली. पुढं भांडं फिरलं, फुगवटा आला, आवाज बदलला आणि कटर आरपार गेलं. तांदळाच्या दाण्याएवढं भोक, भावाच्या नावात.

मावशी बाहेर बाकावर चहा पीत होती. तिच्यापर्यंत जायला चार पावलंही नव्हती, तेवढ्यात माझं ठरलं.

"मावशी, हे तर झिजून कागद झालं होतं. हात लावला अन् गेलं."

मी घाबरलो होतो, पण नुसता घाबरलो नव्हतो. नव्या कटरची अब्रू वाचवत होतो. लाज वाटते सांगायला.

वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. तिनं गुंड उजेडात धरला आणि आतून भोक पाहिलं.

"मीच घासला," ती म्हणाली. "राख अन् चिंच, रोज. सून म्हणे, कायले एवढा घासून राहिल्या? पण मले चमकला पाह्यजे होता." मग विचारलं, "झाळता येते का?"

येत होतं. पण झाळलेलं, डाग देऊन बुजवलेलं भांडं आमच्याकडे आंदणात देत नाहीत, हे तिलाही माहीत होतं. तिनंच नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं, नवा स्टीलचा गुंड आणतो, त्यावर नाव कोरतो, लग्नघरी स्वतः पोचवतो. "तुह्यी काय चूक, बापू," ती म्हणाली. त्यावर मी ट्रॉफीचं काम हातात घेतलं.

आता मी पट्टी चार सोडा, आठ ठिकाणी सरकवतो. तिला त्याचं काय?

लग्नाला गेलो ते सांगून टाकायचं ठरवूनच. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. मांडवात बायका आंदण पाहत बसल्या होत्या. मावशी भावाच्या बायकोसमोर हात जोडून बसली होती.

"माफ करजो, वहिनी. त्याची निशाणी माह्याच हातानं गेली."

वहिनीला पटत नव्हतं. "घासून कुठं भोक पडते? आमच्या घरी काय पितळ नाई?" तेवढ्यात तिला माझ्या हातातला नवा गुंड दिसला. "तुम्हीच ना ते मशीनवाले? सांगा बरं, पडते का?"

इतकी सोपी वाट मला कोणी करून दिली नसती. नाही, एवढंच म्हणायचं होतं. सात-आठ बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यातल्या दोघींच्या घरची लग्नाची भांडी माझ्याकडे यायची होती.

"पडते," मी म्हणालो. "जुनं पितळ होतं."

मावशी वहिनीकडे वळली.

"पाह्य," ती म्हणाली, "मशीनवाला बी तेच म्हणते."