वत्सूच्या अस्वलाचा आवाज

वत्सू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडाळला माझ्या घरी पेज गाळत होते. तिची लेक सुमन रडत म्हणाली, "मावशी, आई गेली." निघाले तशीच, पण तळेरे तिठ्यावर एसटीने तासभर रखडवलं आणि जामसंड्याला तिच्या घरी पोचले तर सगळं आटोपलेलं... माझं नेहमीचंच. तिला जे सांगायचं होतं त्याला मी साठ वर्षं उशीर केला, तिथे एका तासाचं काय घेऊन बसलात!

वत्सू माझी चुलत बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. घर एकत्र. तिचे वडील, आमचे आबाकाका, विलायती मालबोटीवर इंजिनखात्यात होते. वर्ष-दीड वर्षाने घरी येत. पन्नास सालानंतरच्या अशाच एका खेपेला त्यांनी तिच्यासाठी मधाच्या रंगाचं, लोकरीचं अस्वल आणलं. टेडी बेअर हा शब्द आमच्याकडे कुणाला ठाऊक! अस्वल म्हणजे दरवेशी घेऊन येतो ते. तिकडे विलायतेच्या बंदरावर एक म्हातारी जुनी खेळणी दुरुस्त करून विकायची, तिच्याकडून घेतलेलं. दुसऱ्याचं वापरलेलं आणलं म्हणून काकू फुरंगटली, तर काका म्हणाले, "अगो, नव्यापेक्षा ह्या बरा. लढायेच्या आधीचा आसा."

म्हातारीने सांगितलेल्या खुणा काकांनी वत्सूला शिकवल्या. डोळे बुटाच्या काळ्या बटणांचे असले तर फारच जुनं, काचेचे असले तर त्याच्या मागचं. हात लांब आणि पाठीला पोक, ते जुन्या वळणाचं. पोट दाबल्यावर कुरकुरलं तर आत लाकडाचा कीस, मऊ लागलं तर कापूस. पहिल्या लढाईत जर्मनीचा माल बंद झाला आणि इंग्रजांनी आपली अस्वलं जोरात करायला घेतली, हा इतिहास तर ही चिमुरडी पाढ्यासारखा म्हणायची. सगळ्यात मोठी खूण तळव्यावरची, कारखान्याच्या नावाची कापडी पट्टी. वत्सूच्या अस्वलाची उजव्या पायावर होती.

पण तिचा जीव होता त्याच्या आवाजात. पालथं करून सरळ केलं की पोटातून "ऊंऽऽ" असा खोल आवाज यायचा. काका बोटीवर गेले की ती रोज दुपारी ते माझ्या कानाशी धरायची. "आयकलंस गो माई? बाबा बोलले!"

एका खेपेला काका आले नाहीत, तार आली. परमुलखातल्या इस्पितळात वारले होते. सुतक फिटल्यावर काकूचा भाऊ तिला आणि वत्सूला चार दिवस माहेरी घेऊन गेला. इकडे आई मला म्हणाली, "घरातला कापडाचा सगळा धुवून काढ." मी तेरा वर्षांची, कामाला वाघ आणि अकलेने दगड. अस्वल कापडाचंच की! रिठ्याच्या कढत पाण्यात बुडवलं, विहिरीच्या धोंडीवर दाबून दाबून पिळलं, काथ्याच्या दोरीवर वाळत टाकलं. पट्टी सुटून हातात आली, ती घाईघाईत शिवली. आवाज गेल्याचं मला तेव्हाच कळलं होतं.

वत्सू परत आली ती आधी अस्वलाकडेच धावली. पालथं केलं. सरळ केलं. पुन्हा केलं. बराच वेळ त्याला उलटंपालटं करून माझ्याकडे आली. "माई, आवाज बाबांबरोबर गेलो?"

तेव्हा सांगायचं होतं. दोन शब्दांचं तर काम. पण मी म्हटलं, "होय गो. तसाच झाला असतला." पोरीच्या बापाच्या मरणाआड मी माझी चूक लपवली. आज लिहितानाही लाज वाटते.

एकोणीसशे साठ साल उलटलं. बोटीवर जाणारे आणखी दोन-तीन घरांत होते, त्यांच्याकडे खेळणी आली की बायका वत्सूला दाखवायला आणत. शेजारच्या वहिनींनी एकदा नवंकोरं अस्वल आणलं. वत्सूने तळवा बघितला, डोळ्यावर नखाने टिचकी मारली. "वयनी, डोळो प्लास्टिकचो. अंग नायलॉनचा. ह्या धुवूक येता." मग म्हणाली, "जुनी येनत नाय. पाणी लागला काय मुकी होतत." दूध उतू जातंय म्हणत मी चुलीकडे पळाले. चुलीवर दूधच नव्हतं.

तिच्या लग्नाआधी आम्ही दोघी अस्वल घेऊन मालवणला वाजवायची पेटी दुरुस्त करणाऱ्या बुवांकडे गेलो. त्यांनी पोटाची शिवण उसवली. आत सावरीचा कापूस! वत्सू खुदकन हसली, "माई, आमच्या उशीतलोच गो!" मग पत्र्याची डबी निघाली, आत पेटीसारखाच इवलासा भाता. सगळं गंजून गेलेलं. बुवा म्हणाले, "हेच्यात पाणी गेलाला आसा."

"आमची हवाच खारी," मी घाईने म्हटलं.

बुवा माझ्याकडे बघतच राहिले. वत्सूच म्हणाली, "असतला बुवा. शिवून टाका." तो विषय तिने पुन्हा काढला नाही. मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय!

तेराव्याला सुमनने ते अस्वल माझ्या मांडीवर आणून ठेवलं. "आईने सांगून ठेवलं होतं, हे माईमावशीलाच द्या म्हणून. आणि म्हणाली, माईक सांग, आता धुवू नको. शेवटी शेवटी काहीतरीच बोलायची गं."

काहीतरीच नव्हतं ते. मी तळवे बघितले. उजव्या पायाची पट्टी डाव्या पायावर... माझेच ते वाकडे टाके. गावभरची अस्वलं तळव्यावरून ओळखणाऱ्या वत्सूला ते पहिल्याच दिवशी दिसले असणार. म्हणजे आठ वर्षांच्या त्या पोरीने मला तेव्हा विचारलं, ते मी खरं बोलावं म्हणून विचारलं होतं. आणि मी काय दिलं तिला? साठ वर्षांत तिने ते टाके उसवले नाहीत, मला एका शब्दाने दुखवलं नाही. दुखवलं असतं तर मी तरी मोकळी झाले असते.

आता ते माझ्या खाटेशेजारच्या फडताळावर असतं. दुपारची जेवणं झाली की मी त्याला खाली घेते. पालथं करते, सरळ करते, आणि मोठ्याने सांगते, "वत्सू गो, मियाच धुतलंय ता." मग कान लावून बसते.