पुरावा चुलीपुढं बसलाय

माझ्या साडूंनी आजवर एकही बातमी कुणाला धड सांगितलेली नाही, आणि त्याचं कारण एवढंच की त्यांना ती पुरती ठाऊक असते. आपल्यासारख्या माणसाला 'कांद्याची निर्यात बंद झाली' एवढं कळलं की आपण सरकारला दोन शिव्या घालतो, चहा सांगतो आणि मोकळे होतो. साडूही शिव्या घालायला तयार असतात, पण त्या नेमक्या कुणाला घालायच्या हे ठरवण्याआधी अशी बंदी पहिल्यांदा कधी आली, तेव्हा कोण रडलं, कोण हसलं आणि ती उठली कशी, हे सगळं त्यांना मांडायचं असतं. तोवर चहा गार होतो, टेम्पो निघून जातो आणि ज्यानं विचारलेलं असतं तो कांदा विकून घरी जाऊन जेवलेला असतो. 'तुमच्या साडूंना बातमी विचारण्यापेक्षा उद्याचा पेपर लवकर येतो,' असं शिरूरच्या बाजारात लोक मला तोंडावर सांगतात. मी दौंडला राहतो, त्यामुळे मला ते फारसं लागत नाही.

हा रोग त्यांना मुळात कंपनीत जडला. घोड नदीच्या काठचं इनामगाव हे त्यांचं गाव. तिथून ते रोज मोटरसायकलवर रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फिटर म्हणून जातात. कारखान्यात मशीन बंद पडलं तर ते नुसतं चालू करून भागत नाही. ते का बंद पडलं, आणि मग ते तरी का झालं, असं विचारत विचारत मुळाशी जावं लागतं. याला तिथे 'व्हाय-व्हाय' म्हणतात. बाकीचे फिटर हा व्हाय-व्हाय गेटवर ठेवून घरी जातात. साडूंनी तो डब्याच्या पिशवीतून घरी आणला. भाजी खारट झाली की ते शांतपणे विचारणार, का झाली? घाईत मीठ दोनदा पडलं. घाई का झाली? पाणी उशिरा आलं. का आलं? मोटर चालत नव्हती. असं करत करत खारट भाजीचं मूळ शेवटी गावाबाहेरच्या विजेच्या डीपीत सापडायचं. माझ्या मेहुणीला हा प्रकार मनापासून आवडतो, कारण दोष तिच्यापाशी कधीच थांबत नाही.

अशा माणसाच्या हातात कुणी ते बातम्यांचं अ‍ॅप द्यायला नको होतं. पण त्यांची मुलगी पुण्याला शिकते, तिनं दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या फोनमध्ये ते टाकून दिलं. या अ‍ॅपमध्ये प्रत्येक बातमीखाली 'मागे काय घडलं?' अशी एक पट्टी असते. ती दाबली की त्या बातमीची आधीची हकीकत उघडते, तिच्याखाली पुन्हा तशीच पट्टी, आणि दाबत गेलं की माणूस आजच्या पाणीकपातीवरून निघून थेट इंग्रजांच्या कालव्यापाशी पोचतो. साडूंना आयुष्यभर जे एकट्यानं करावं लागत होतं ते करणारं दुसरं कुणीतरी जगात आहे, हे बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मेहुणीनं त्यांना बरं वाटतंय ना असं विचारलं. 'ब्येस झालं पाव्हणं,' त्यांनी मला फोन करून सांगितलं, 'बातमीला बी बाप असतोय. ह्यो आजपातुर कुणी दावलाच न्हवता.'

त्यानंतर आमच्या सगळ्यांच्या हालाला सुरुवात झाली. एकदा ते आम्हाला गाडीत बसवून द्यायला दौंड स्टेशनवर आले. गाडी उशिरा येणार असं कळलं, आणि बायको सहज बोलून गेली, 'ह्या दौंडात गाड्या अडकतातच कशा मेल्या!' एवढं निमित्त पुरलं. दौंडहून मनमाडला फाटा का काढला, तो काढण्याआधी माल कुठून जायचा, इथे वाफेच्या इंजिनांना पाणी कुठलं मिळायचं, हे सगळं त्यांनी बाकड्यावर बसून फोनमध्ये दाखवत दाखवत सांगितलं. त्या बाकड्याभोवती घोळका जमला. भेळवाल्यानं टोपली खाली ठेवली. आमची गाडी आली, थांबली आणि निघून गेली, आणि ती आमचीच होती हे इंजिनांची पाण्याची सोय पुरी झाल्यावर आमच्या ध्यानात आलं. बायको त्या दिवशी साडूंशी काही बोलली नाही. माझ्याशी मात्र पुष्कळ बोलली.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर त्यांनी युद्धच पुकारलं. कुणी कुठलाही पुराचा व्हिडिओ टाकून 'आपल्या धरणाचे आजचे दृश्य' असं लिहिलं की साडूंचा निरोप हजर, 'मागचं टाका, न्हाईतर काढा.' सकाळच्या सुविचारालाही त्यांनी सोडलं नाही. भावकीच्या ग्रुपमधून त्यांना काढलं, कंपनीच्या ग्रुपमधून काढलं, गावच्या यात्रेच्या ग्रुपमधून दोन्ही पार्ट्यांनी एकमतानं काढलं. हे एकमत गावात पुष्कळ वर्षांनी झालं होतं. शेवटी आमच्या सासूबाईंनी, ज्यांना फोनवर फक्त हिरवं बटण ओळखू येतं, त्यांनी नातवाला विचारून जावयाला स्वतःच्या बोटानं बाहेर काढलं. साडूंवर काडीचा परिणाम झाला नाही. ते दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर सासुरवाडीला गेले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, 'ग्रुपमधनं काढलं, हितनं कसं काढचाल? आता सांगा, कालच्या व्हिडिओतला तो बिबट्या कुठला हुता?' सासूबाईंनी निमूटपणे पोहे टाकले. मला तेव्हा या माणसाचा फार राग यायचा. हे काय चाललंय, माणसानं थोडक्यात जगायला काय हरकत आहे, असं मी म्हणायचो.

मग गेल्या थंडीत एक लहानशी बातमी आली, की इनामगावच्या जुन्या टेकाडाची पुन्हा पाहणी व्हावी अशी कुणीतरी मागणी केली आहे. साडूंचं स्वतःचं गाव! त्यांनी पट्टी दाबली. तिथे नदीकाठी तीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी राहायचे, त्यांची घरं कशी होती, ते काय पेरायचे, ते लोक आपली गेलेली तान्ही मुलं घराच्या जमिनीखाली मडक्यांत कशी पुरायचे, सगळं व्यवस्थित दिलेलं होतं. शेवटी तज्ज्ञ मंडळींनी कित्येक वर्षं खोदकाम करून हे उजेडात आणलं, असं म्हटलं होतं. साडूंनी पुढची पट्टी शोधली. पट्टी नव्हती. हकीकत तिथे संपत होती.

'संपती कशी?' त्यांनी मला फोनवर विचारलं, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. 'सायबाच्या हातात बरश हुता, कबूल. मातीची पाटी कुणाच्या डोस्क्यावर हुती? आमची आय हुती की तिथं!'

त्यांची आई, ठकूबाई, तरुणपणी त्या खोदकामावर रोजंदारीनं होती हे मला माहीत होतं, पण आपल्याला नातेवाइकांच्या आयांबद्दल जितकं माहीत असतं तितकंच. अ‍ॅपमध्ये 'चूक कळवा' असं एक बटण होतं. साडूंनी ते दाबलं आणि लिहिलं, की यात ठकूबाईचं नाव राहिलं आहे, ते घालावं. अतिशय नम्र उत्तर आलं: आपण लक्ष वेधल्याबद्दल आभार, कृपया पुरावा जोडावा. माणूस दुसरा असता तर थांबला असता. साडूंनी आईला नवं लुगडं नेसायला लावलं, चुलीपुढून उठायला ती तयार नव्हती म्हणून तिथेच तिचा फोटो काढला, हातात आधारकार्ड दिलं, आणि खाली लिहून पाठवलं, 'पुरावा चुलीपुढं बसलाय. कवाबी या. भाकरी खाऊन जावा.'

कुणी आलं नाही. छापील संदर्भ असेल तर पाठवा, असं उत्तर आलं. 'छापल्यालं न्हाई म्हनून तर सांगतोय!' साडू फोनवर माझ्यावरच ओरडले. मग रोज सकाळी शिफ्टला निघण्याआधी, मोटरसायकल चालू ठेवून, ते बटण दाबायला लागले. तिकडून रोज आभार यायचे. मी त्यांना समजावलं, की अहो, ते अ‍ॅप आहे, त्यांचे काही नियम असतात, एवढं कशाला लावून घेता? त्यावर ते म्हणाले, 'पाव्हणं, तिला आता दिसत न्हाई नीट. वाचून दावलं तर ऐकू मातर येतंय. ती हाय तवर त्यात नाव आलं पायजे. बास.' रविवारी मी इनामगावला गेलो. मी पतसंस्थेत कारकुनी करतो, शुद्ध मराठीत अर्ज लिहिणं हीच काय ती माझ्या अंगची कला, तेव्हा अर्ज मी लिहावा असं ठरलं.

'मावशी, तिथं नेमकं काय झालं होतं ते सांगा,' मी कागद पुढे घेऊन म्हणालो.

ठकूबाईंनी भाकरी उलटली. 'काय व्हायाचं? माती वाह्यची. येक दिस दोन मडकी लागली, आडवी, तोंडाला तोंड लावल्याली. सायबानं बरशानं झाडलं, तर आत लेकराची हाडं. येवढीशी. माझा पयला तवा नुकताच ग्येला हुता, पाळन्यातच. म्या पाटी उपडी घातली आन् खाली बसले. मंग समद्या बायांनी घातल्या. हाळदकुकू आन् दूध दिल्याबिगर कामाला हात लावायचा न्हाई म्हनलं.'

'आणि साहेब?'

'लई भला मानूस. म्हनला, बाई, हे लई जुनं हाय, तीन हजार वर्सांचं. म्या म्हनलं, सायब, जुनं तुमाला. त्याच्या आयला न्हाई.' त्यांनी तव्यावरची भाकरी निखाऱ्यापाशी उभी केली. 'मंग त्यानं डोईवरची टोपी काढली आन् बाजूला हुभा ऱ्हायला. येकीनं शेरडीचं दूध आनलं. म्या हाळदकुकू वाह्यलं. मंग लागलो कामाला.'

साडूंनाही यातलं सगळं माहीत नव्हतं असं त्यांच्या तोंडाकडे बघून मला वाटलं. जन्मभर खारट भाजीच्या मुळाशी जाणाऱ्या या माणसाला आपल्या आधीच्या भावाचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि त्यानंही ते कधी विचारलं नव्हतं. ते उठून बाहेर गेले आणि मोटरसायकल उगीच पुसत बसले. मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला, हे मी स्वतः सांगतो, आणि तो पाठवून दिला.

महिन्याभरात अ‍ॅपमध्ये खरोखर एक ओळ वाढली. साडूंचा फोन आला तसा मी पहिली एसटी धरून गेलो, म्हटलं आज पेढे मिळणार. साडू अंगणात फोन हातात धरून उभे होते आणि रागानं लाल झाले होते. ओळ अशी होती: 'या कामात स्थानिक मजुरांचाही सहभाग होता.'

'स्थानिक मजूर!' ते म्हणाले. 'हिला नाव न्हाई व्हय? पाटी स्थानिकानं उचलली, आन् काम बंद पाडलं ते कुणी? आता बगा, शिफ्टला जायच्या आधी, शिफ्टवरनं आल्यावर, रोज दाबतो का न्हाई ते. कंटाळले पायजेत.'

ठकूबाई आतून भिंत धरत धरत उंबऱ्यापाशी आल्या. 'वाच,' त्या म्हणाल्या. साडूंनी सगळी हकीकत पहिल्यापासून वाचून दाखवली, तीन हजार वर्षं, घरं, पीक, मडकी, तज्ज्ञ, स्थानिक मजूर. म्हातारी मान हलवत ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, 'आन् त्या लेकराचं नाव काय लिवलंय?'

'लेकराचं कसं लिवतील आय? ते कुणालाच म्हाईत न्हाई.'

'म्हंजी त्याचं बी न्हाई अन् माझं बी न्हाई,' ती म्हणाली. 'माझं मेलीचं ऱ्हाऊ दे. घरातली समदी मला हाका मारत्यात. त्याला हाक मारनारं कोन ऱ्हायलंय?'

मी खिशातलं पेन काढलं, कारण आता पुन्हा अर्ज लागणार आणि तो शुद्ध हवा. पण साडू म्हणाले, 'नगं पाव्हणं, ह्यो मी लिवतो.' उंबऱ्यावर आईशेजारी बसून, एका बोटानं, पुष्कळ वेळ लावून त्यांनी तो मजकूर लिहिला. आयुष्यात त्यांनी इतकं थोडक्यात काही सांगितलेलं मला आठवत नाही. 'त्या लेकराला नाव होतं. आम्हाला माहीत नाही, एवढंच. त्याला हळदकुंकू ठकूबाईनं वाहिलं. हे घातल्याबिगर आम्ही गप बसणार नाही.'

तो त्यांनी मोठ्यानं वाचला. ठकूबाईंनी हात पुढे करून चाचपत लेकाचा अंगठा धरला, फोनवर नेला आणि म्हणाल्या, 'दाब.'

दुरुस्ती अजून झालेली नाही. साडू रोज सकाळी गाडी चालू ठेवून बटण दाबतात, तिकडून आभार येतात, आणि आईला ते तेही वाचून दाखवतात. इकडे दौंडला उठल्यावर चहाआधी मीही एकदा दाबतो. बायको विचारते, हे काय रोज? तर तिला थोडक्यात सांगता येत नाही.