भावाच्या फोटोवरून विणलेला समुद्र

माझे वडील वॉल हँगिंगचे डिझायनर होते. भिंतीवर टांगायची जी विणलेली चित्रं सोलापुरात होतात, त्यांचा नमुना आधी चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, आणि माग त्या भोकांच्या हुकमाने चित्र विणतो. पूर्व भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीखाली त्यांचं उतरतं मेज होतं. देव, मोर, हरणं यांच्याखालोखाल मागणी असायची ती समुद्राची. निळं पाणी, एक शिडाचं जहाज, कडेला वाकलेला माड. जन्मात समुद्र न पाहिलेल्या माणसाने कॅलेंडरवरून उचललेला तो समुद्र नवी पेठेतल्या दुकानांतून कुठल्या कुठल्या गावांच्या भिंतींवर गेला असेल.

आम्ही विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे. वडिलांना नायना म्हणायचो आणि आईला अम्मा. भाऊ माझ्याहून बराच लहान. मी लग्नानंतरही दोन गल्ल्या सोडूनच राहत असल्यामुळे दुपारी येऊन नायनांचे चौकोन भरून द्यायची. भावाला तो धीर नव्हता. त्याने आयटीआयमध्ये वेल्डिंग केलं आणि एका ठेकेदारामार्फत मुंबईहून पुढे, थेट समुद्रात कामाला गेला. तिथे बार्ज असतात, म्हणजे मोठे सपाट तराफेच म्हणा. त्यावर कामगारांच्या खोल्या असतात. तिथे राहायचं आणि समुद्रात उभ्या केलेल्या तेलविहिरींच्या फलाटांची डागडुजी करायची. कित्येक महिने जमिनीला पाय लागत नसे.

तिथे गेल्यावर त्याला फोटोचा नाद लागला. बाकीची पोरं स्वतःचे फोटो पाठवतात, ह्याच्या फोटोत माणूस क्वचितच असायचा. दोरीवर वाळत घातलेला शर्ट वाऱ्याने आडवा ताठ झालेला. वाऱ्याने पाण्यावर ओढलेल्या बारीक रेघा, जणू कुणी फणी फिरवलीय. लोखंडी कठड्यावर साचून वाळलेलं मीठ. एका फोटोखाली त्याने लिहिलं होतं, ‘अक्का, हा वाऱ्याचा फोटो.’ त्यात नुसतं पाणीच होतं, पण वारा खरंच दिसत होता.

नायना चष्मा लावून दोन बोटांनी ते फोटो मोठे करून पाहत बसायचे. एकदा भाऊ फोनवर त्यांना म्हणाला, “नायना, तुमचा समुद्र खोटा आहे. एवढा निळा तो कधीच नसतो.” नायनांना राग आला नाही. लोकांना निळाच लागतो, एवढंच ते म्हणाले. पण नंतर बराच वेळ ते रंगांच्या बाटल्या खालीवर करत राहिले, आणि पुढच्या नमुन्यात जहाजाखाली थोडा राखाडी रंग घातला. व्यापाऱ्याने तो काढायला लावला.

मे महिन्यात चक्रीवादळ येणार असल्याच्या बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या. अम्माने फोन करून भावाला परत यायला सांगितलं. तो म्हणाला, नांगर टाकलेत, वादळ लांबून जाणार आहे, काळजी करू नकोस. त्या संध्याकाळी त्याने एक फोटो पाठवला. वर काळपट ढगांची चादर, खाली शिशासारखं जड पाणी, आणि दोन्हींच्या मधे पिवळट उजेडाची एक पट्टी. लाटा फार मोठ्या नव्हत्या, पण सगळ्या एकाच बाजूने येत होत्या. त्याखाली काही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोलापुरातही वारा सुटला. समुद्रापासून इतक्या लांब असूनही. दिवसभर धूळ उडत होती, पत्रे वाजत होते, समोरच्यांच्या गच्चीवरची सूत वाळत घातलेली काठी मोडून रस्त्यात पडली. भावाचा फोन लागत नव्हता. ठेकेदाराचा आधी लागत होता, मग तोही बंद झाला. बार्ज बुडाल्याचं आम्हाला टीव्हीवरून कळलं. पडद्यावर जे दाखवत होते तेही कुणीतरी हेलिकॉप्टरमधून घेतलेलं चित्रणच होतं, पाण्यात नारिंगी जाकिटांचे ठिपके. अम्मा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवू लागली.

नायना आणि मी मुंबईला गेलो. वाचलेल्यांत तो नव्हता. मग इस्पितळात गेलो. तिथे प्रेतं आधी दाखवत नव्हते, एका संगणकावर फोटो दाखवत होते. मी दोन-चार पाहिले आणि तोंड फिरवलं. पाण्याने चेहरे राहिलेच नव्हते. नायना मात्र शेवटपर्यंत बसले. नमुना तपासताना बसायचे तसेच, पुढे वाकून, घाई न करता. प्रत्येक फोटोनंतर मानेनेच ‘नाही’ म्हणत होते. शेजारी आमच्यासारखेच कुठून कुठून आलेले लोक रांगेत उभे होते. कुणी मोठ्याने रडत नव्हतं, कारण रडावं का नाही हेच कुणाला ठरवता येत नव्हतं. नंतर नायनांचं रक्त घेतलं, प्रेतांशी जुळवून पाहण्यासाठी.

परत निघताना टॅक्सी समुद्राच्या कडेने आली. नायनांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. काच खाली करून ते पाहत राहिले. मला वाटलं, आता त्यांचा बांध फुटेल. ते म्हणाले, “खरंच राखाडी आहे.”

रक्त कुणाशीच जुळलं नाही. सापडलेल्या प्रेतांत तो नव्हता, एवढं लेखी आलं. अम्माने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला. प्रेत नाही, म्हणजे पोरगा आहे. दुसऱ्या बोटीने उचलला असेल, परमुलखात असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. अक्कलकोटच्या बाजूला एक देवऋषी होता, त्याने तिला सांगितलं, दक्षिणेला आहे, येईल. ती रोज त्याच्या वाटणीचं जेवण झाकून ठेवायची आणि सकाळी गाईला घालायची. आम्ही दिवस घातले नाहीत. तिच्यासमोर तो विषयही काढता येत नव्हता.

नायनांनी काही महिन्यांनी नवा कागद मेजावर लावला. भावाचा शेवटचा फोटो मला मोठा छापून आणायला लावला आणि चौकोन भरू लागले. मी मदतीला बसले तर म्हणाले, ढग तू कर, पाणी मी करतो. राखाडीच्या इतक्या छटा मागावर येत नाहीत. मोजके रंग असतात, त्यांच्या सरमिसळीतून डोळ्याला फसवावं लागतं. ते काळ्याशेजारी हिरवट घालायचे, त्याशेजारी मातकट, मग उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहायचे. कितीतरी कागद फाडले. अम्मा स्वयंपाकघरातून पाहत होती. काय चाललंय हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिने नायनांशी बोलणं बंद केलं. काही हवं-नको असलं तर मला सांगायची, आणि मी दोन पावलांवर बसलेल्या नायनांना.

ज्या कारखान्यात त्यांनी उमर घालवली होती, तिथल्या मालकांनी जुन्या ओळखीखातर माग मोकळा करून दिला. एकच नग विणला. नायना तो गुंडाळी करून खांद्यावरून घरी घेऊन आले आणि पलंगावर उलगडला. मला पाहवेना, इतका तो त्या फोटोसारखा झाला होता. सुताचा असूनही थंड वाटत होता.

अम्मा दारात आली. कित्येक आठवड्यांनी ती नायनांशी बोलली. “पोराचं शेवटचं पांघरूण विणून आणलंत,” ती म्हणाली. “माझ्या भिंतीला हे लागणार नाही.”

नायनांनी पुन्हा गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवून दिली.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी एक तरुण पत्ता विचारत आला. होटगीचा होता, भावाबरोबर बार्जवर कामाला होता. वाचला होता, पण वर्षभर घरातून बाहेरच पडला नव्हता, असं त्याने आल्याआल्या सांगून टाकलं, जणू उशिराबद्दल माफी मागत असावा. आता रेल्वेच्या कामावर रोजाने जात होता. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी दिलं ते हातातच धरून राहिला. अम्मा आतून आली नाही. पोरगा जिवंत नाही असं सांगणारा माणूस तिला नको होता.

नायनांनी कपाटावरची गुंडाळी काढली आणि त्याच्यापुढे उलगडली. त्याने हातातलं पाणी खाली ठेवलं.

“हा फोटू काढला तवा मी शेजारीच हुतो,” तो म्हणाला. “माझं कोपर मधे येतंय म्हनून मला बाजूला सरकवलं त्यानं.” मग म्हणाला, “पन दुसऱ्या दिवशी असलं न्हवतं. तवा पानीच दिसत न्हवतं. वाऱ्यानं सगळं उडवून पांढरं केलतं. वर बी पांढरं, खाली बी पांढरं.”

पुढचं त्याने हळूहळू सांगितलं. नांगरांच्या साखळ्या एकेक करून तुटल्या. बार्ज वाहत जाऊन कशावर तरी आदळला आणि खोल्यांत पाणी शिरलं. दिवस मावळायच्या आत उड्या टाकाव्या लागल्या. अंगात तरंगायची जाकिटं होती. पाण्यात पडलेल्या सात-आठ जणांनी एकमेकांची मनगटं धरून कडं केलं. भाऊ त्याच्या डाव्या हाताला होता. लाट आली की सगळे वर जायचे, कडं ताणायचं, पुन्हा खाली यायचे. अशाच एका लाटेत हात सुटला. पुढच्या लाटेच्या माथ्यावर भाऊ त्याला एकदा दिसला, हाताच्या अंतरापेक्षा कितीतरी लांब गेलेला. नंतर दिसला नाही.

एवढं होईपर्यंत अम्मा दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली होती. ती कधी आली ते मला कळलं नाही.

“भ्याला होता का तो?” तिने विचारलं.

मला वाटलं, हा आता काहीतरी गोड बोलेल. कुणीही बोललं असतं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“व्हय अम्मा. लई भ्याला हुता. मी बी. समदेच.”

“काही म्हणाला?”

“तोंडात पानी जात हुतं. कुनालाच बोलता येत न्हवतं.”

अम्मा खाली बसली, चौकटीतच. तिचा आवाज आधी आला नाही, नुसतं अंग हलत होतं. मग जो आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो तरुण उठून गोंधळून उभा राहिला, त्याला वाटलं आपण चुकलो. नायनांनी त्याला हाताला धरून परत बसवलं. बऱ्याच वेळाने अम्माने पदराने तोंड पुसलं, आत गेली आणि त्याच्यासाठी ताट वाढून आणलं. तो नको म्हणत होता, तरी जेवला. ती समोर बसून त्याचा प्रत्येक घास पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नायनांना म्हणाली, भटजींना बोलवा.

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या काड्यांची माणसाएवढी आकृती करतात आणि तिला अग्नी देतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. भावाचा एक शर्ट त्या काड्यांवर पांघरला होता. अग्नी देताना माझ्या नवऱ्याने नायनांचा हात धरला होता. काड्या कोरड्या होत्या, सगळं फार लवकर संपलं. माणसाला जळायला किती वेळ लागतो हे आम्हाला माहीत होतं, म्हणून ती घाई अंगावर आली.

राख समुद्रात सोडायची का, असं कुणा नातेवाइकाने विचारलं. अम्मा म्हणाली, त्याला परत तिथे टाकणार नाही. म्हणून आम्ही कुडलला गेलो, जिथे सीना भीमेला मिळते. पाऊस लांबला होता, पाणी कमी, कडेला शेवाळ. नायना गुडघाभर पाण्यात गेले आणि राख सोडून तसेच उभे राहिले. ते पाणी कुठे जातं हे शाळेत शिकलेल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर नायनांनी मेजावर पुन्हा कागद लावला. त्या तरुणाने सांगितलेलं पांढरं त्यांना विणायचं होतं. पण पांढरं म्हणजे रिकामे चौकोन. ते पेन्सिल घेऊन बसायचे आणि संध्याकाळी कागद सकाळसारखाच कोरा असायचा. एक दिवस त्यांनी तो काढून माझ्याकडे दिला. “मी ते पाहिलेलं नाही,” म्हणाले, “माझ्याच्याने व्हायचं नाही.” पुढल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. दोन वर्षं अम्माने त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, आणि त्या दोन वर्षांत ती दोघं पुष्कळ बोलली. मी दारापर्यंत आले की ते बोलणं थांबायचं.

नायना गेल्यावर मी अम्माला विचारलं, कपाटावरची गुंडाळी मी नेऊ का. तिने ती स्वतः काढून दिली, वरची धूळ हाताने झटकून. आता ती माझ्या घरी आहे. मी अजून उलगडलेली नाही. होटगीचा तो मुलगा सणासुदीला अम्माकडे येतो, परवा बायकोला घेऊन आला होता. अम्मा त्याला त्याच्या कामाचं विचारते, आईच्या गुडघ्याचं विचारते. समुद्राचं कुणी काढत नाही.