उजव्या पायाचे बारा शिष्य

आमच्या गावातल्या इगर्जीत पवित्र गुरुवारी पाद्री बारा पुरुषांचे पाय धुवायचा. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणून सांगितलं, त्याची ही आठवण. गावाने त्यातून एवढाच बोध घेतला होता की आपले पाय धुवून घेण्यात मोठा मान असतो. बारांत नाव लागावं म्हणून पाद्रीच्या घरी महिनाभर आधीपासून पापलेटं पोचायची. तोही कुणाला नाराज करत नसे.

पाद्री धुवायचा तो फक्त उजवा पाय. त्यामुळे त्या आठवड्यात गावभर बायका नारळाच्या सोडणाने नवऱ्यांचे उजवे पाय घासताना दिसायच्या. मळलेला पाय पाद्रीसमोर धरायचा म्हणजे घराण्याची अब्रू गेली. डाव्याला कुणी विचारत नसे, तो भेगांसकट बुटात जायचा.

मी शाळेत मास्तर झालो त्या वर्षी, साठ-एकसष्ट सालच्या सुमारास, माझीही वर्णी लागली. माझं लग्न झालं नव्हतं, म्हणून माझा पाय मलाच घासावा लागला. तीन दिवस घासला.

आमच्या आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे एक मासेमार गाबताची म्हातारी एकटीच राहायची. तिच्या पायात माशाचा काटा जाऊन जखम चिघळली होती. मालवणच्या डॉक्टरने बजावलं होतं, रोज कडुनिंबाच्या पाण्याने धुवा, हयगय केलीत तर पाय कापावा लागेल. तिला कोणी नव्हतं, म्हणून माझी आई रोज जाऊन तो धुवायची. आई प्रवचनात हमखास पेंगायची, आणि इगर्जीतल्या भाविक बायका तिला त्यावरून टोमणे मारायच्या.

नेमकी त्या गुरुवारी आई तापाने आडवी झाली. आजचा दिवस तू जाऊन ये, असं तिने मला सांगितलं. मी पांढऱ्या पँटीला इस्त्री करत होतो. मी मास्तरी आवाजात तिला सुनावलं की हाताला तो वास लागला तर इगर्जीत मी बसू कसा? उद्या धुतो, एका दिवसात पाय काही पळून जात नाही. गडगा कमरेएवढा होता आणि म्हातारीचे कान तिखट होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी पाद्रीने वाकून माझ्या पायावर पाणी घातलं, पुसलं, ओठ टेकवले. माझे डोळे भरून आले. इतका नम्र मी जन्मात झालो नव्हतो, आणि तो नम्रपणा कोण कोण पाहतंय हे तिरक्या नजरेने बघतही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाचं पाणी घेऊन म्हातारीकडे गेलो. फडकं पिवळं पडलं होतं, त्यावर माश्या बसल्या होत्या. मी उकिडवा बसून हात पुढे केला. तिने पाय ओढून घेतला.

"झिला, काल तुझे हात घाण होणार होते मा? मग आज कित्याक घाण करतस? तुझ्या आवशीक येवंदे."

आई तापाने पडलीय असं मी समजावलं, डॉक्टरची भीती घातली, शेवटी हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून बसली. हा पाय आता जाणार आणि तो माझ्यापायी जाणार, हे मला कळून चुकलं. मला स्वतःची लाज वाटली, अगदी थुंकावं इतकी.

तेवढ्यात आई गडग्याचा आधार घेत घेत आली. अंगात ताप होताच. ती खाली बसली आणि म्हातारीने आपणहून पाय तिच्या मांडीवर ठेवला. आईने पाण्यात बोट बुडवून पाहिलं.

"पाणी निवला. परत तापवन हाड."

मी भांडं उचललं आणि पाणी तापवून आणायला चुलीकडे गेलो.

म्हातारीचा पाय वाचला. तो आणखी चार महिने धुवावा लागला आणि चारही महिने पाणी मी तापवलं. पायाला हात मात्र तिने मला शेवटपर्यंत लावू दिला नाही.