इवायांचा एक्सल

आमच्या इवायांइतका निवांत माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. लेक-जावई नागपूरला, आणि बायको गेल्यापासून हे नेरला एकटेच. चहा असा पितात की कपालाच झोप यावी. नळ बंद केला तरी परत जाऊन बघतात, तो बंदच राहिला ना म्हणून.

माझी जुनी लेडीज सायकल दुरुस्तीसाठी अशा माणसाच्या हाती पडली. नर्स असताना तिच्यावरून मी गावोगाव हिंडले. तेव्हा मी स्वतःला फार समजायची. रस्त्यावर ढोरसुद्धा नसताना घंटी वाजवायची. पायडलाशी कुरकुर आली की डोक्याचं खोबरेल ओतायची आणि "मशीन मले लवकर समजते" असं सांगत सुटायची. त्या खोबरेलाने ग्रीस धुऊन निघालं आणि दोन्ही पायडलांमधला एक्सल, त्याच्या वाट्या, वाट्यांतले गोल छर्रे, सगळं झिजलं. यंदा विहारातल्या बायांपुढे मी फुशारकी मारून बसले, बुद्धपौर्णिमेला सायकलवरच येईन!

मग दर रविवारी इवाई एसटीने हजर, पिशवीत नवा एक्सल. "जयभीम, इहीणबाई. या खेपेला पक्का हाय." पण इवाई दारात आले की आधी जेवण, मग झोप, मग चहा. त्यानंतर उजव्या वाटीचे आटे उलटे असतात यावर प्रवचन. शेवटी एक्सल बोटभर लांब तरी निघायचा, नाहीतर आखूड.

"काहून हो इवाई, जुना एक्सल मापाले कायले नेत नाही?"

"तो झिजला हाय. झिजलेल्याचं माप धरलं तर नवा बी झिजलेलाच येईन ना!"



पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी मात्र घात झाला. एक्सल बसला. पायडल लोण्यासारखं फिरलं. मी अंगणात फेरी मारली, उगाच घंटीही वाजवली. वळून बघते तर इवाई आपले पाने-पक्कड एकेक करून पिशवीत ठेवत होते.

"चला," ते म्हणाले. "आता इकडं काही काम राह्यलं नाही."

मी उतरले. चांगलं घट्ट बसलेलं हँडल धरून हलवलं. "इवाई, हे डुगडुगून राह्यलं हो."

त्यांनी हँडल हलवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"याचे छर्रे पाहा लागतीन. पुढच्या रविवारी आणतो. घाई नाही कराची."

पौर्णिमेला मी सायकलवरच विहारात गेले. हँडल जराही हललं नाही. त्याच्या मापाचे छर्रे इवायांना अजून मिळायचे आहेत, आणि रविवारी मी वांग्याची भाजी जरा जास्तच टाकते.