अकरा वर्षांनी परत आलेलं दार

माझी वहिनी बस कंडक्टर आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती ज्या आवाजात बोलते तो घरात कमावलेला नाही. ती मागच्या दारात बोलली तरी ड्रायव्हर दचकतो. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई माझ्या भावाला कच्चा खाईल. मी नणंद, माझं कामच ते वाटणं. वीस वर्षांत आम्ही दोघी किती वेळा भांडलो याला गणती नाही. भांडण संपलं की ती चहा करते आणि कप माझ्यासमोर आदळते. चहा मात्र झकास असतो, ते नाकारून चालणार नाही.

दादा तिच्या अगदी उलट. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. आमच्या भागातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत, पण रस्त्यात शिडी लावताना कुणाला 'जरा सरका' म्हणायचं झालं तरी त्याचे कान लाल होतात. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत ओटा, माझं शिलाई मशीन आणि दादाचे डबे. आतल्या खोलीत पलंग, कपाट आणि संडासासकट न्हाणीघर. सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. वहिनीने त्या वासाला जितक्या शिव्या घातल्या तितक्या फुकट्या प्रवाशांनाही घातल्या नसतील. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी तो डबा बंद करा."

त्यांची मुलगी पंधरा वर्षांची. वर्षभरात अशी ताडमाड वाढली की दादा तिला शिडी म्हणायला लागला, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

करोनाच्या त्या वर्षी सगळी दुकानं बंद होती. दादाला काम नव्हतं, तरी तो रोज एखादा जुना पत्रा घेऊन रंगवत बसायचा. हात थांबला की वळण मोडतं, असं त्याचं म्हणणं. शिडीला ताप आला तेव्हा पहिले दोन दिवस आम्ही साधा ताप म्हणून कानाडोळा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून म्हणाली, "बाबा, आज काम बंद का? वास येत नाहीये."

दादाचा ब्रश हातातच राहिला. डबा तिच्या उशापासून चार हातांवर उघडा होता.

ही पोरगी जन्मल्यापासून त्या वासात वाढली होती. आणि वास जाणं म्हणजे काय, हे त्या वर्षी पोराटोरांनाही माहीत होतं. वहिनी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने शेगडी बंद केली. तासाभरात ती शिडीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी नाकातला नमुना घेतला, रिपोर्टला तीन-चार दिवस लागतील म्हणाले, तोवर पोरीला वेगळं ठेवा.

बातमी त्या दोघींच्या आधी जिना चढून आली होती. आमच्या इमारतीचा सेक्रेटरी म्हणजे काळजीवाहू माणूस, पण काळजी स्वतःची. त्याने परस्पर आरोग्य खात्याला फोन केला. संध्याकाळी तिथल्या सिस्टरचा वहिनीला फोन आला. बाई सभ्य होती. म्हणाली, उद्या अकराला पाहणीला येते. पेशंटला स्वतंत्र खोली, बंद होणारं दार आणि वेगळा संडास असेल तर घरी ठेवता येईल, नाहीतर सोबतच्या गाडीतून विलगीकरण केंद्रात न्यावं लागेल. वहिनीने विचारलं, पडदा चालेल का? पडदा चालत नाही, दार लागतं, सिस्टर म्हणाली.

केंद्र म्हणजे काय ते आम्ही ऐकून होतो. एका मोठ्या हॉलमध्ये शंभर खाटा, भेटायला कुणाला सोडत नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या आजोबांना तिथे नेलं होतं. गाडीत बसताना त्यांनी वर बघून आम्हाला हात केला होता. परत आली ती त्यांची पिशवी. तिच्यात चष्मा, फणी आणि न फोडलेला बिस्किटांचा पुडा होता.

"वन्सं," वहिनी मला म्हणाली, "तिला नेली तर मी त्या गाडीपुढे आडवी पडेन."

तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. मला रडू आलं, म्हणून मी मशीनवर जाऊन उगाच एक सरळ शिवण घातली.

संडासाचा प्रश्न सुटण्यासारखा होता. गच्चीवर जुन्या रखवालदाराचा एक होता, गंजलेल्या कडीचा. आम्ही तिघांनी बादली घेऊन तिथे जायचं, न्हाणीघर पोरीला द्यायचं. घोडं पेंड खात होतं ते दाराशी. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये चौकट होती, बिजागऱ्या होत्या, दार नव्हतं.

त्या दाराची कथा आमच्या घरात रोज निघायची. अकरा वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला एका रात्रीत पाटी हवी होती, आणि लाकडाची वखार बंद. नाही म्हणणं दादाच्या जिभेला जमत नाही. त्याने घरचं दार काढलं, खालून वीतभर कापलं, आडवं धरून रंगवलं आणि देऊन आला. वहिनी ड्युटीवरून आली तर दार गायब. "दोन दिवसांत नवीन आणतो," दादा म्हणाला होता. तेव्हापासून त्याने कसलाही शब्द दिला की वहिनी विचारायची, "त्या दारासारखा ना?"

त्या संध्याकाळी तिने टोमणा मारला नाही. नुसतं बघितलं. दादाचे कान लाल झाले.

सकाळी उजाडता उजाडता दोघं निघाली. वहिनीने कंडक्टरचा खाकी गणवेश चढवला, तोंडाला मी शिवलेला दुहेरी मास्क, खांद्यावर दादाच्या कामाच्या शिडीचं पुढचं टोक. मागचं टोक दादाच्या खांद्यावर. घरात संशयित पेशंट असताना बाहेर पडू नये हे आम्हाला कळत होतं. नियम मोडला का? मोडला. रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं आणि कुणाच्या जवळ जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, एवढंच आमच्या बाजूने सांगता येईल. कोपऱ्यावरच्या पोलिसाने लांबूनच हटकलं. वहिनीने अत्यावश्यक सेवेचा पास वर धरला. शिडी कशाला, त्याने विचारलं. "अत्यावश्यक आहे म्हणून," ती म्हणाली आणि थांबलीच नाही. हे मला दादाने सांगितलं. सांगताना तो स्वतःच सुटका झाल्यासारखा हसत होता.

हॉटेलवाला हॉटेलच्या वरच राहायचा. खाली खुडबुड ऐकून तो खिडकीत आला. त्याचीच पाटी उतरवली जात होती. साहजिकच त्याने आवाज चढवला, पण समोर कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पाटी गेली तर माझ्या धंद्याची ओळख गेली, असं तो म्हणाला.

"तुमचं हॉटेल तीन महिने बंद आहे," वहिनी खालून म्हणाली. "बंद दुकानाला पाटी आहे आणि माझ्या आजारी पोरीच्या खोलीला दार नाही. तुम्हीच सांगा, कुणाची गरज मोठी?"

त्याने खिडकीतून वाकून पाटीकडे बघितलं. मग म्हणाला, "न्या. अक्षरांना ओरखडा पडू देऊ नका."

नऊ वाजता दार चौकटीत बसलं. जुनीच भोकं, जुन्याच बिजागऱ्या. आडवी पाटी उभी झाल्यामुळे अक्षरं कुशीवर झोपली होती. मान डाव्या खांद्यावर टाकली की वाचता यायचं: चहा, कॉफी, थंड पेये. कुटुंबांसाठी स्वतंत्र सोय. दारामागून शिडी म्हणाली, "आत्या, एक कॉफी." तापात पोरगी थट्टा करत होती. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

अकराला सिस्टर आली, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकच्या सुटात. घामाने तिचा चष्मा धुरकटला होता. खाली गाडी उभी. मागोमाग सेक्रेटरी आणि जिन्यावर पायरी-पायरीला एक शेजारी. सुंठीवाचून खोकला जातोय म्हणून मंडळी खुशीत होती. सेक्रेटरी ताकाला जाऊन भांडं लपवत बोलत राहिला. पोरीच्याच भल्यासाठी, तिथे डॉक्टर असतात, इथे लहान मुलं आहेत, वगैरे. वहिनीने त्याला पुरं बोलू दिलं. मग बाहेर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"पायरीवर उभं राहायचं नाही," ती म्हणाली. "वर जायचं त्यांनी वर जा, उतरायचं त्यांनी उतरा."

वीस वर्षं ज्या आवाजापुढे भरलेली बस पुढे सरकते, त्याच्यापुढे जिना काय टिकणार? दोन मिनिटांत तिथे फक्त सेक्रेटरी उरला, आणि तोही एक पायरी खाली.

सिस्टरने दार ओढून पाहिलं. कडी लावली, काढली. मान वाकडी करून सगळी पाटी वाचली. तिचे खांदे हलताना मला दिसले.

"खाली वीतभर फट आहे," ती म्हणाली.

"ताट जाण्यापुरती," वहिनी म्हणाली. "माणूस जात नाही. वाटल्यास मोजा."

सिस्टरने मोजलं नाही. आपण सकाळपासून अकरा घरं बघितली, एकातही मधलं दार नव्हतं, एवढंच म्हणाली. कागदावर लिहिलं, सही केली, ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र कसं लावायचं ते शिकवलं, आकडा कितीच्या खाली गेला तर फोन करायचा ते वहिनीकडून दोनदा म्हणवून घेतलं. गाडी रिकामी गेली. मला अजून त्या रिकाम्या गाडीचा आवाज ऐकू येतो.

नमुना दिल्यापासून चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, करोनाच निघाला. सेक्रेटरीने आमच्या बाहेरच्या दारावर लाल कागद चिकटवला. दादाने तो पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता कुणाच्या तरी कामात हात घातला. कागद तिरका लागला होता, तो त्याने सोडवून ओळंब्यात सरळ लावला. लावायचा तर नीट लावा, म्हणाला. ते दिवस सोपे नव्हते. दोन वेळा यंत्रावरचा आकडा घसरला आणि आम्ही तिघं त्या फटीशी जमिनीवर पडून पोरीचा श्वास ऐकत राहिलो. दुसऱ्या वेळी वहिनीने फोन हातात घेतला होता. तेवढ्यात आकडा वर आला. सातव्या दिवशी ताप उतरला. वास मात्र येईना. वहिनी फटीतून कांदा सरकवायची, साबण सरकवायची, आणि आतून उत्तर यायचं, काही नाही.

बाराव्या दिवशी खालून हॉटेलवाल्याची हाक आली. परवापासून दुकानं उघडणार होती, त्याला पाटी हवी होती. वहिनी गॅलरीत गेली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोन दिवसांत नवीन देतो."

दादा मान खाली घालून हसला आणि त्याने लगेच नवी फळी पुढे ओढली. डबा उघडला. पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारतोय तोच दारामागून आवाज आला.

"आई, बाबांनी डबा उघडलाय का? केवढा घाण वास येतोय."

वहिनी गॅलरीतून आत आली ती तशीच दाराशी खाली बसली. तिने त्या झोपलेल्या अक्षरांना डोकं टेकलं आणि रडली. वीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. दादा घाबरला, सवयीने झाकण शोधायला लागला.

"राहू द्या," ती म्हणाली. "उघडाच ठेवा तो डबा."